आधी कान, मग पान : वाचकांचे प्रश्न

वाचनाविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सोलापूर शहरातील पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. विचारणा प्रत्येकाची वेगळी आहे. परंतु उत्तरे लिहिताना मी पुन्हा पुन्हा कानापाशीच येऊन थांबले. अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवताना आणि शाळेचे ग्रंथालय सांभाळताना माझे जे मत तयार झाले, ते या पत्रांनी अधिक पक्के केले: ज्याला ऐकता येते त्यालाच पुढे नीट वाचता येते, आणि वाचण्यातून ऐकण्याची ताकद वाढावी अशी इच्छा असेल, तर त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागतात. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो. ती धडा घडाघडा वाचते, पण धड्यात काय झाले असे विचारले की गप्प बसते. घरी तिचे वाचन घ्या, असे बाईंनी सांगितले. मी सातवीत शाळा सोडली, दिवसभर विड्या वळते आणि मुलीचे वडील यंत्रमागावर असतात. मला मराठी बोलता येते, पण वाचायला फार वेळ लागतो. मी तिचे वाचन कसे घेणार? हे पत्र माझी भाची लिहून देत आहे.
— एक आई, अशोक चौक परिसर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील ‘घडाघडा’ आणि ‘गप्प’ हे दोन शब्द शेजारी ठेवले की मुलीची अडचण बरीचशी स्पष्ट होते. अक्षर ओळखून त्याचा उच्चार करणे तिला जमले आहे. त्या उच्चारातून अर्थ उभा राहणे जमलेले नाही. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाविषयी एक साधी मांडणी केली, जी आजही शिक्षणशास्त्रात आधाराला घेतली जाते. वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडता येणे गुणिले तीच भाषा ऐकून समजणे, असे त्यांनी म्हटले. यात बेरीज नसून गुणाकार आहे, हे महत्त्वाचे आहे. बेरजेत एक बाजू कमी पडली तरी दुसरी थोडे भरून काढते. गुणाकारात एका बाजूला शून्य असेल, तर दुसरी बाजू कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येते. ज्या मुलाला मराठी वाक्य ऐकून कळत नाही, त्याला तेच वाक्य छापलेले दिसले म्हणून कळेल, ही अपेक्षा चुकीची आहे.

म्हणून प्रथम एक साधी परीक्षा करून पाहा. मुलीने न वाचलेला एक धडा तुमच्या भाचीला मोठ्याने, सावकाश वाचायला सांगा. मुलीच्या हातात पुस्तक देऊ नका. तिने केवळ ऐकावे. वाचून झाल्यावर काय घडले ते तिला विचारा. ऐकून तिला सगळे सांगता आले, तर अडचण अक्षरांची आहे: तिचे सगळे लक्ष जोडाक्षरे आणि वेलांट्या सांभाळण्यात खर्च होते आणि अर्थासाठी काही उरत नाही. ऐकूनही सांगता आले नाही, तर अडचण मराठीच्या शब्दांची आणि वाक्यांच्या ओळखीची आहे. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते. तसे असेल, तर धडा दहा वेळा वाचून घेतल्याने घडाघडा वाचण्याचा वेग तेवढा वाढेल.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण सोलापुरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या अनेक घरांना चुकीचा सल्ला मिळतो. ‘घरची भाषा बंद करा आणि मुलांशी मराठीच बोला’ हा तो सल्ला होय. कृपया तसे करू नका. अम्मम्माने, म्हणजे आजीने, तेलुगूत सांगितलेली गोष्ट ऐकताना मुलीला कारण आणि परिणाम कळतात, आधी काय आणि नंतर काय ते कळते, माणसे बोलतात एक आणि त्यांच्या मनात असते दुसरे, हेही कळते. हे सारे एकदा एका भाषेत मनात रुजले की दुसऱ्या भाषेत त्याला फक्त नवे नाव द्यायचे उरते. पश्चात्ताप म्हणजे काय, हे तेलुगूत उमजलेल्या मुलीला ‘पश्चात्ताप’ हा मराठी शब्द एका दिवसात शिकवता येतो. ज्या मुलीला तो भाव कोणत्याच भाषेत कोणी ऐकवलेला नाही, तिला तो शब्द पाठ करूनही परका राहतो. तुमच्याकडे तोडके-मोडके मराठी आणि भरघोस तेलुगू असेल, तर भरघोस असेल तेच मुलीला द्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुम्ही वाचन कसे घेणार? विड्या वळता वळताच घ्या, असे मी म्हणेन, आणि त्याला एक जुना आधार आहे. क्यूबा देशात हवाना शहरातील सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा सुरू झाली. शेकडो कामगार रांगेने बसून हाताने सिगार वळत असत आणि उंच आसनावर बसलेला एक वाचक त्यांना मोठ्याने वाचून दाखवत असे. आधी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी, असा क्रम असे. त्या वाचकाचे वेतन कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत आणि काय वाचायचे हेही तेच ठरवत. कित्येकांना अक्षरओळख नव्हती, पण जगात काय चालले आहे याची त्यांना चांगली जाण होती. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात, हे त्या कामगारांनी ओळखले होते. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात तेव्हा दुसरे काय होते? एक जण वाचतो, दहा जण ऐकतात, मध्येच कोणी तरी ‘याचा अर्थ काय हो?’ असे विचारते आणि वाचणाऱ्याला थांबून उलगडून सांगावे लागते.

तुमच्या अंगणात तीन-चार जणी सुपे मांडीवर घेऊन विड्या वळायला बसत असतील. संध्याकाळी पंधरा मिनिटे मुलीने तेथे बसून वाचावे. शाळेचा धडा वाचू नये. गोष्टीचे पुस्तक वाचावे, आणि तेही तिच्या इयत्तेपेक्षा थोडे सोपे असावे. शाळेच्या पेटीतून पुस्तक मिळत नसेल, तर वस्तीजवळच्या सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागात चौकशी करावी. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालये आहेत आणि पेठांतूनही लहान ग्रंथालये आहेत. तुम्ही तिच्या चुका काढायच्या नाहीत. तुमचे काम एवढेच की मध्ये मध्ये थांबवून म्हणायचे, ‘मला हे कळले नाही, तेलुगूत सांग.’ वाचलेले मराठी तेलुगूत सांगण्यासाठी तिला आधी त्याचा अर्थ लावावाच लागेल. नुसता उच्चार करून तिची सुटका होणार नाही. तुम्हाला खरोखरच कळले नसेल तर फारच उत्तम, कारण खरी जिज्ञासा मुलांना लगेच ओळखू येते. बाईंना जे ‘वाचन घेणे’ अपेक्षित आहे ते यातून घडेल, आणि त्यासाठी तुम्हाला भराभर वाचता येण्याची गरज पडणार नाही.

तुमच्या स्वतःच्या वाचनासाठीही एक सोपा मार्ग आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली एक कल्पना मांडली. दूरदर्शनवरील चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत गाण्याचे शब्द दाखवावेत, म्हणजे ज्यांचे वाचन कच्चे राहिले आहे त्यांची नजर गाण्याबरोबर आपोआप अक्षरांवरून फिरू लागते, असा तिचा आशय होता. अशी गीते दाखवल्यावर कच्चे वाचणाऱ्यांचे वाचन सुधारत असल्याचे पुढे आढळले. मोबाईलवर मराठी गाणी शब्दांसह सहज मिळतात. जे गाणे तुम्हाला तोंडपाठ आहे, तेच लावा. येथेही कान पुढे चालतो आणि डोळा त्याच्या मागून जातो.

प्रश्न : मी पदवीधर असून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अभ्यासिकेत रोज आठ तास बसतो, पुस्तके तीन-चार वेळा वाचतो, वर्गातील व्याख्यानांचे शब्द न् शब्द लिहून घेतो. तरी परीक्षेत काही आठवत नाही. वाचनाचे फायदे सगळे सांगतात, मला ते का मिळत नाहीत?
— एक विद्यार्थी, विजापूर रस्ता

उत्तर : चौथ्यांदा उघडलेले पान ओळखीचे वाटते. ते ओळखीचे वाटणे म्हणजेच आठवणे, असा आपला समज होतो आणि परीक्षागृहात तो मोडतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांपैकी निम्म्याहून अधिक तासाभरातच निसटतात आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही, तरी घसरण तशीच असते. तिला आवर घालण्याचा मार्ग अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली पुढे आणला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणजे आपण वापरता ती पद्धत पाच मिनिटांच्या परीक्षेसाठी उत्तम आहे.

आपल्याच शहराचे उदाहरण घ्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली, हे वाक्य आपण दहा वेळा वाचले असेल. आता पुस्तक मिटून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर उभे राहा आणि बरोबरच्या मित्राला हा प्रसंग सांगा: मे १९३० मध्ये गांधीजींना अटक का झाली, त्याचे पडसाद गिरण्यांच्या या शहरात इतके तीव्र का उमटले, लष्करी कायदा का पुकारला गेला, आणि तेथून फाशीपर्यंत गोष्ट कशी पोहोचली. जेथे अडखळाल, तेवढेच परत वाचा. ऐकणाऱ्या मित्राने एखादी शंका काढली, तर ती प्रश्नपत्रिकेतील शंकेइतकीच मोलाची समजा.

व्याख्यानाविषयी वेगळे सांगते. शब्द न् शब्द लिहिणारा हात ऐकत नसतो. अमेरिकेत श्रवणकौशल्याचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या राल्फ निकोल्स यांनी १९५० च्या दशकात नोंदवले की भाषण संपताच माणसाला ऐकलेल्यापैकी सुमारे निम्मेच आठवते. याचे एक कारण त्यांनी सांगितले ते फार उपयोगी आहे. बोलणारा मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो, मन त्याहून कितीतरी वेगाने चालते, आणि उरलेल्या वेळात ते भटकायला जाते. त्या उरलेल्या वेळाला काम द्या. वक्ता आता कोणत्या मुद्द्याकडे वळणार याचा अंदाज बांधा, त्याने दिलेला पुरावा पुरेसा आहे का ते तपासा, दर काही मिनिटांनी मनातल्या मनात एका वाक्यात गोळाबेरीज करा. ‘परंतु’, ‘म्हणून’, ‘असे असले तरी’ हे शब्द कानावर पडताच सावध व्हा, कारण विचार तेथेच वळण घेतो. लेखणी पहिली दहा मिनिटे खाली ठेवा आणि नंतर स्वतःच्या शब्दांत लिहा. पहिले काही दिवस वहीत पाने कमी भरतील. त्याची भीती बाळगू नका.

प्रश्न : मी निवृत्त अधिकारी आहे. घरात सहाशेहून अधिक पुस्तके आहेत आणि ती सर्व मी वाचलेली आहेत. वाचनाने माणूस समंजस होतो, इतरांचे ऐकून घेऊ लागतो, असे आपण याच सदरात पूर्वी लिहिले होते. माझा मुलगा आणि सून मात्र म्हणतात, ‘बाबा कोणाचे ऐकूनच घेत नाहीत.’ यात कोणाचे चुकते?
— एक ज्येष्ठ वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आदरणीय काका, आधी माझी चूक मान्य करते. वाचनाने माणूस आपोआप ऐकून घेऊ लागतो, असे मी लिहिले असेल तर ते फार सोपे करून लिहिले. २०१३ साली डेव्हिड किड आणि इमॅन्युएल कास्तानो यांनी प्रसिद्ध केले की चांगले कथासाहित्य थोडा वेळ वाचल्यानेही दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता वाढते. त्या निष्कर्षाचा फार गाजावाजा झाला; परंतु इतर संशोधकांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम त्यांना आढळला नाही. आयुष्यभर कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यांना माणसे अधिक कळतात, असा संबंध काही अभ्यासांत दिसतो, तोही मर्यादित आहे. पुस्तक आपल्याला दुसऱ्या माणसाच्या मनात नेऊन बसवते, हे मी आजही मानते. परंतु पुस्तक आपले बोलणे कधी तोडत नाही, आपल्यावर रागावत नाही, कंटाळा आला तर मिटून ठेवता येते आणि न पटलेल्या पानावर समासात टीप लिहिता येते. सून ही समासात टीप लिहिण्याची जागा नव्हे. पुस्तकांनी आपल्याला समज दिली असेल. समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबण्याचा सराव देणे त्यांच्या हाती नव्हते.

हा सराव अवघड का आहे, ते पाहा. २००९ साली दहा भाषांमधील संभाषणांचा अभ्यास झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातले अंतर सरासरीने सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असते, असे त्यात आढळले. उलट एखादा शब्द मनात जुळवून तोंडातून काढायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. याचा सरळ अर्थ असा, की समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव करू लागलेले असतो. हा सर्वांचाच स्वभाव आहे, त्यात आपला वेगळा दोष नाही. मात्र ज्याच्याकडे सहाशे पुस्तकांचा साठा आहे त्याचे उत्तर अधिक लवकर तयार होते, आणि तयार उत्तर फार वेळ दाबून ठेवणे जड जाते.

आपली भाषाही या गुंत्यात भर घालते. ‘ऐकणे’ या एका क्रियापदाला आपण किती अर्थ लावले आहेत! ‘ऐकू येते’ म्हणजे कान शाबूत आहेत. ‘मुलगा ऐकत नाही’ म्हणजे तो आज्ञा पाळत नाही. आणि ‘ऐकून घेणे’ म्हणजे समोरच्याचे म्हणणे आपल्या मनात शिरू देणे. त्यात ते मान्य करण्याची अट नाही. आपल्या पिढीतील अनेक घरांत वडिलांनी ‘ऐक’ हा शब्द आज्ञा पाळण्याच्या अर्थानेच वापरला आणि मुलांनीही तो त्याच अर्थाने शिकून घेतला. त्यामुळे मुलाचे ऐकून घेतले तर आपण त्याची आज्ञा पाळली असे होईल, अशी एक न बोललेली भीती वडीलधाऱ्यांच्या मनात राहते. आपल्या मनात ती आहे का, हे आपणच पाहावे.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी वादासाठी एक नियम सुचवला होता, तो घरात वापरून पाहावा, अशी विनंती आहे. समोरच्याने जे म्हटले ते त्याचे समाधान होईल अशा रीतीने आपल्या शब्दांत आधी सांगायचे, आणि त्याने ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे म्हटल्यावरच आपले मत मांडायचे. एवढेच. सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, सकाळी पाणी येते त्या वेळी पाहुण्यांना बोलावू नका,’ तर पाणी किती दिवसांनी येते आणि पूर्वी आपण कसे भागवत होतो हे सांगण्याआधी, ‘पाणी भरायच्या घाईत पाहुण्यांकडे पाहता येत नाही, असे तुला म्हणायचे आहे ना?’ असे विचारावे. सोलापुरात पाणी येण्याची वेळ म्हणजे घरातील बाईसाठी काय असते, हे आपणास मी सांगायला नको. अनेकदा एवढ्या एका प्रश्नानंतर वादाचे कारणच उरत नाही, आणि उरले तरी ते लहान झालेले असते.

आणि ती पुस्तके? आठवड्यातून एकदा त्यातील एक प्रकरण नातवंडांना मोठ्याने वाचून दाखवावे आणि वाचून झाल्यावर स्वतः काहीही न बोलता त्यांना बोलू द्यावे. आपल्यासाठी यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

प्रश्न : मी रोज एस.टी.ने मोहोळला नोकरीसाठी जाते आणि प्रवासात मोबाईलवर पुस्तके ऐकते. मैत्रीण म्हणते, हे वाचन नव्हे. खरे काय?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : गोष्ट, चरित्र, प्रवासवर्णन असेल तर निःशंकपणे ऐका. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली त्याच कथा काही जणांना ऐकायला आणि वाचायला देऊन त्यांच्या मेंदूतील हालचाल टिपली, तेव्हा शब्दांचा अर्थ लावणारे भाग दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच काम करताना दिसले. फरक आहे तो परत फिरण्यात. वाचताना डोळा नकळत मागे जाऊन निसटलेला शब्द पाहून येतो. ऐकताना मोहोळच्या स्थानकावर गोंधळ झाला की वाक्य गेले ते गेले. म्हणून ज्यात युक्तिवाद दाट आहे, आकडे आहेत किंवा कविता आहे, ते पुस्तक हातात घ्या. कानात आवाज किती मोठा ठेवावा, यासाठी पुढील उत्तर वाचा. गाडीच्या इंजिनाचा आवाज दाबण्यासाठी आपण तो नकळत वाढवतो.

प्रश्न : माझे वय ४८, पंचवीस वर्षे यंत्रमागावर काम केले. ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. सप्ताहात कीर्तनाला बसतो तेव्हा आवाज येतो, अर्थ लागत नाही. मुलगा म्हणतो, तुमचे लक्ष नसते. तुमच्या सदरात ‘लक्ष देऊन ऐका’ असे वाचले म्हणून विचारतो, लक्ष वाढवायला काय करावे?
— एक कामगार, नीलमनगर

उत्तर : दादा, हा प्रश्न बहुधा लक्षाचा नाही, कानाचा आहे. तुमच्यावर ‘लक्ष नसते’ असा ठपका येतो याचे मला मनापासून वाईट वाटते.

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, वर्षानुवर्षे कानावर पडला तर इजा होऊ शकते, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. मागांच्या शेडमधील आवाज सामान्यतः ९० च्या पुढेच असतो. हातभर अंतरावरच्या सोबत्याशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज धोक्याचा आहे, असे समजायला यंत्र लागत नाही. कानाच्या आतील शंखाकृती भागात अतिसूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. धोट्याच्या खडखडाटाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

या पेशींपैकी उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या आधी जातात. ‘आ’, ‘ओ’ यांसारखे स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते ऐकू येत राहतात; ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’, ‘प’ या व्यंजनांची खूण वरच्या पट्टीत असते, ती पुसट होते. मग ‘ताट’, ‘पाट’ आणि ‘काठ’ सारखेच वाटतात. कीर्तनकाराचा आवाज तुमच्यापर्यंत येतो, त्याच्या शब्दांच्या कडा येत नाहीत. त्यात टाळ-मृदंग सुरू झाला की उरलेलेही बुडते. ‘ऐकू येते पण कळत नाही’ हे तुमचे वाक्य कानाचे डॉक्टर रोज ऐकतात.

शासकीय रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात श्रवण तपासणी होते, ती करून घ्या. श्रवणयंत्र लागेल असे सांगितले, तर संकोच करू नका. मध्यमवयात कमी झालेली श्रवणशक्ती दुर्लक्षित ठेवली, तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० आणि २०२४ च्या अहवालांत नमूद केले आहे. माणूस संभाषणातून हळूहळू बाहेर पडतो, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. जे उरले आहे ते राखण्यासाठी कारखान्यात कानात घालायचे बोळे वापरा. साधा कापूस पुरत नाही. मोबाईलचे इयरफोन कानात घालून ऐकणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. ही मर्यादा तुमच्या मुलालाही सांगा.

घरी बोलताना मुलाने उजेडात, तुमच्या समोर बसून बोलावे. ओरडू नये, सावकाश बोलावे. ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच राहतात. कीर्तनाला पहिल्या रांगेत बसा, म्हणजे बुवांचे ओठ दिसतील, आणि त्या दिवशीचा निरूपणाचा अभंग आधी विचारून घरी वाचून जा. अभंग डोळ्यांखालून गेलेला असला की अर्धा ऐकू आलेला शब्दही मन पूर्ण करून घेते. कान थकला असताना वाचन तुम्हाला असा हात देते.

तपासणीला जाताना साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जाण्यापूर्वी जा. मागाच्या आवाजातून उठून लगेच तपासणी केली, तर कान तात्पुरता बधिर असतो आणि आलेख खरा येत नाही. मध्ये किमान चौदा तासांची शांतता गेलेली असावी. मुलाला बरोबर न्या आणि तो आलेख डॉक्टरांकडून त्याच्यासमोर समजावून घ्या.